धा आणि दहा : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका साक्षरता वर्गाच्या नोंदी

३ जून २०२५

गेल्या शुक्रवारी, ३० मेला, घटकराज्य दिनी गोवा पूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर झालं. केंद्राच्या उल्लास या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात साक्षरतेचं प्रमाण ९५ टक्क्यांवर गेलं की पूर्ण साक्षर म्हणता येतं. गोव्याचा आकडा ९९.७२ सांगण्यात आला. २०११च्या जनगणनेत तो ८८.७० होता, बायकांचा ८४.६६. शाळा गावोगावी पोचल्या, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात तर ओट्यावर आणि देवळातसुद्धा मराठी शाळा भरल्या. हे सगळं डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे आकड्यात खोट काढत बसायची मला हौस नाही.

पण काल दूध घालायच्या रांगेत शेजारच्या वैनीनं वहीत सही केली, वळणदार, खाली रेघ ओढून, आणि मग सहीच्या वरच्या ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "बाई, हांगा कितें बरयलां?" (इथे काय लिहिलंय?)

ती सही मीच शिकवलेली. नव्वदच्या दशकातल्या मोहिमेत मी नवी मास्तरीण होते. महिनाअखेर 'किती झाले' हे कळवायचं असायचं आणि सही आली की झाला एक. वैनीनं रांगोळीसारखी सही पाठ केली. तिच्या नावात 'ल' आहे. काल दुसरीकडे लिहिलेला 'ल' दाखवला तर तिनं ओळखला नाही.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. वेळ आहे. वर्ग काढते.

१२ जून

पहिला दिवस. देवळाच्या चौकात, संध्याकाळी सात ते साडेआठ. पाच बायका, एक पुरुष. खरी नावं इथे लिहीत नाही. एकमेकांना मारतात त्याच हाका वापरते. थोरली वैनी (सहीवाली), पोरसातली आजी (वांगी-मिरची लावते, वाळपईच्या बाजारात विकते), दुधाची काकी, दोघी जावा, आणि खाणीवरचे काका. काका आत बसले नाहीत. सोप्यावर तंगड्या सोडून पाऊस बघत होते. पण पाटी त्यांनी मागून घेतली.

सुरुवात ग म भ न नं. वळणं सारखी, एक काठी ओढली की चार अक्षरं. पहिलीला तीस वर्षं हेच केलं.

२६ जून

सहा बैठकी झाल्या. चारही अक्षरं ओळखतात, लिहितात. शब्दांवर आलो आणि गाडी अडली. या चार अक्षरांतून निघतं काय? मन, नग, नभ, गमन. मी फळ्यावर 'नभ' लिहिलं. आजीनं न... भ... असं लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"नभ कितें?"

"आभाळ."

"मागीर मळब बरय मगे."

पहिलीतलं पोर 'नभ' गिळतं. त्याला सगळेच शब्द नवे. त्यातला एक हाही. आजी पासष्ट वर्षं मळबाकडे बघून पेरणी करत आलेय. तिच्यापुढे मी असा शब्द ठेवला की जो ती कधी बोलली नाही आणि बोलणारही नाही. म्हणजे अक्षर लावण्याची मेहनत करून हाती काय आलं? काही नाही. घरी येऊन वही उघडली, दहा मिनिटं नुसती बसले.

४ जुलै

हजेरी बघताना एक गोष्ट लक्षात आली, लाज वाटावी इतकी उशिरा. दोघी जावा मध्येच चार-चार दिवस गळल्या. मी 'शेतीची कामं' असं लिहून मोकळी झाले होते. वर्ग देवळात भरतो. त्या चार दिवसांत त्या येणार कशा? कोणी तक्रार केली नाही, कारण ही तक्रार करायची गोष्टच नव्हे. बाईनं समजून घ्यायची. मी बाई असून मला समजली नाही.

उद्यापासून दुधाच्या काकीची पडवी. वीज जाते, पण कंदील आहे.

(रात्रीच्या वर्गाची कल्पना नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. वेळ शिकणाऱ्याच्या सोयीची, एवढं तेव्हाच ठरलं होतं. जागेचंही तसंच, ही माझी भर.)

१५ जुलै

आजीला 'म' आणि 'भ' पुन्हा सारखेच दिसायला लागले. काकी पाटी हात लांब करून धरते. मी मनात म्हणत होते, वय झालं, राहत नाही लक्षात.

आज माझी भाची आली होती, कॉलेजात शिकते, मदतीला येते. तिनं सहज विचारलं, "आजी, सुईत दोरा कोण ओवतं?"

"नातू."

वर्गभर विचारलं. सहापैकी चौघांच्या घरी सुई ओवायला पोरंच. चाळिशी उलटली की जवळचं दिसणं कमी होतं. लिहिणारा-वाचणारा माणूस चष्मा करतो, न वाचणाऱ्याला तो लागतच नाही. लागतो तो सुईपुरता, आणि सुईला नातू आहे. दूरचं सगळं स्वच्छ दिसतं, त्यामुळे आपली नजर गेलीय हेच यांना ठाऊक नव्हतं. मी महिनाभर न दिसणारी अक्षरं शिकवत होते.

वाळपईला नेऊन डोळे तपासून घेतले. चौघांनाही जवळचा नंबर.

१९ जुलै

चष्म्यांचा पहिला दिवस. आजीनं आधी पाटी बघितली नाही, स्वतःचे हात बघितले. तळवे, मग उलटे करून नखं. "म्हजी नखां इतली बुरशीं?" (माझी नखं इतकी घाण?) असं म्हणून पाणी आणायला उठली. हात धुऊन आली, मग 'म' आणि 'भ' वेगळे सांगितले. एका झटक्यात.

२२ जुलै

ब्राझीलच्या पावलो फ्रेरे यांच्याबद्दल ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं, पण तेव्हा ते परीक्षेपुरतं. आता जुनी टिपणं काढून बसले. १९६३ मध्ये आंझिकुश नावाच्या गावात त्यांनी सुमारे तीनशे शेतमजुरांना चाळीस तासांत वाचायला शिकवलं. पद्धत अशी : आधी लोकांत बसायचं, त्यांच्या तोंडचे, त्यांच्या जगण्यातले शब्द टिपायचे. त्यातले असे निवडायचे की ज्यांवर बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ज्यांचे तुकडे पाडले की नवे शब्द निघतात. त्यांचा गाजलेला शब्द वीट. पोर्तुगीज शब्द असल्यामुळे उच्चार विचारायला लांब जावं लागलं नाही, शेजारचे नव्वदीचे भाटकार (जमीनदार) म्हणाले, "तिजोलु." ति-जो-लु. मग त चं कुटुंब, ज चं कुटुंब, ल चं कुटुंब; त्यांची सरमिसळ करून शिकणारेच नवे शब्द जुळवतात. दुसऱ्या वर्षी तिथे लष्कर सत्तेवर आलं आणि फ्रेरेंना तुरुंगात टाकलं, पुढे देश सोडावा लागला. अक्षरओळखीची एवढी भीती!

दोन गोष्टी मनात आल्या. एक, हे 'कुटुंब' म्हणजे आपली बाराखडी. ती आपल्याकडे आयती आहे. फक्त आपण ती घोकून घेतो, खेळायला देत नाही. दुसरी, चाळीस तासांच्या गोष्टीला भुलायचं नाही. रोमन लिपीत अक्षरं वीसपंचवीस. आपली व्यंजनं चौतीस, गुणिले बारा, म्हणजे चारशे आठ रूपं, जोडाक्षरं सोडून. केंद्राच्या जुन्या साक्षरता मिशननं (१९८८) तीन वाचनपुस्तिका आणि दोनशे तास धरले होते. मला तेच पटतं.

सत्तरीचे शब्द कोणते? भाचीनं दोन दिवस नुसतं ऐकून पंचवीस लिहून आणले. आम्ही दोन निवडले : काजू आणि माड.

२५ जुलै

जुन्या लग्नपत्रिका कापून चौकोन केले. क, ज, म, ड आणि त्यांच्या काना-मात्रा. 'काजू' लावला, 'माड' लावला, त्यावर गप्पा झाल्या (यंदा बोंडू कमी, माडावर कीड, नारळाचा भाव). मग चौकोन जमिनीवर पसरले आणि म्हटलं, आता तुम्ही.

आधी नाती आली : काका, काकी, मामा, मामी. मग 'जोडी'. 'कमी'. धाकट्या जावेनं 'मडकी'. मी 'कोकम' सुचवला, कोणी उचलला नाही. इथे तो भिंडा.

सोप्यावरून काका कधी आत आले कळलं नाही. वाकून त्यांनी तीन चौकोन उचलले, मांडले, मागे सरले. मा. क. ड.

वैनीनं मोठ्यानं लावलं, "मा-क-ड... माकड!" आणि पडवी हसायला लागली. इथे काजू, केळी, नारळ, काहीच माकडं ठेवत नाहीत. या एका विषयावर सहाही जण रात्रभर बोलतील. मी हा शब्द ठरवला नव्हता. माझ्या यादीत नव्हता. काजू आणि माड यांच्या पोटातून तो निघाला, जसा तो खरोखरही निघतो.

काका त्या दिवसापासून आत बसतात.

१ ऑगस्ट

भांडण. सभ्य, पण भांडणच.

आजीनं 'कोडू' जुळवला. मी सवयीनं 'को' उचलून 'क' ठेवायला गेले, 'कडू' करायला. तिनं माझा हात धरला. "कारातें कोडू आसता." (कारलं कोडू असतं.)

पाठोपाठ ख आणि त शिकवल्यावर वैनीनं पहिलं वाक्य लिहिलं : माकड काजू खाता.

भाची म्हणाली, "मावशी, खातो. मराठीचा वर्ग आहे ना?" वैनी म्हणाली, माकड काही मराठी शाळेत गेलेलं नाही. सगळे हसले, मीसुद्धा. पण प्रश्न खरा आहे. यांच्या घरात, शेतात, स्वप्नात कोंकणी. देवळात, पोथीत, आरतीत, नाटकात, पेपरात मराठी. दोन्ही यांचीच. बोलायला एक, वाचायला एक. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय आणि त्यात कुणाची कुचंबणा झाल्याचं मला तरी दिसलेलं नाही. कुचंबणा होते ती मास्तरांची, लाल पेन हातात असल्यावर.

'खाता' तसंच ठेवलं. झोप मात्र नीट आली नाही. तीस वर्षांची सवय.

१२ ऑगस्ट

उत्तर दहा रुपयांच्या नोटेवर होतं.

आकडे शिकवायला नोटा काढल्या होत्या. आजीला नव्या चष्म्याचं वेड; ती नोट डोळ्यांशी धरून मागची बारीक अक्षरं न्याहाळत होती. नोटेवर एका चौकटीत पंधरा भाषांत किंमत छापलेली असते, एकाखाली एक. आजीचं बोट सहाव्या ओळीवर थांबलं. "धा," ती म्हणाली. मला वाटलं, आकडा बघून बोलते. पण बोट अक्षरावर होतं : धा रुपया. कोंकणी ओळ.

"आणखी कुठे ओळखीचं दिसतं?"

एक ओळ सोडून खाली. द... हा... "दहा! हें भटाचें." (म्हणजे पोथीतलं.)

नोट हातोहात फिरली. काकांनी खिशातून शंभराची काढली. तिच्यावर सहाव्या ओळीत 'शंबर', आठवीत 'शंभर'. जावा म्हणाल्या, एकाच नोटेवर दोन्ही, आणि नोट काही खोटी होत नाही.

त्यानंतर ठरलं ते असं : लिहायचं आपल्या तोंडचं, जसं बोलतो तसं. वाचायचं दोन्ही. तोंडचं लिहिण्यात शब्द आधीच ठाऊक असतो, म्हणून सगळी ताकद अक्षर काढण्यात लावता येते. वाचताना पोथीचा शब्द कानावरून ओळखीचा असतोच. 'दहा' म्हटल्यावर आजीला कधी शंका आली नाही की हे काय. 'नभ' तिच्या कानावर नव्हता, 'दहा' होता. माझी चूक मराठी शिकवण्यात नव्हती. कानावर नसलेलं आधी शिकवलं, तिथे होती.

२३ ऑगस्ट

चवथ (गणेश चतुर्थी) बुधवारी. वर्ग बंद, पण त्याआधी एक काम करून घेतलं : माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात तिच्या) सामानाची यादी. नाल्ल, चिबूड, आंबाडे, कांगलां, घागऱ्यो. प्रत्येकीनं आपापल्या घरची लिहिली. 'नाल्ल'मध्ये जोडाक्षर आलं, ते मी अजून शिकवलेलं नव्हतं. वैनीनं दोन ल शेजारी लिहून मध्ये छोटी रेघ मारली. म्हणाली, हे दोघे एकमेकांना टेकलेत. टेकू दे.

'घागऱ्यो' कुणालाच जमलं नाही. मलाही दोनदा लिहावं लागलं.

८ सप्टेंबर

साक्षरता दिन. कार्यक्रमाला गेले नाही, वर्ग घेतला.

चवथीत आरत्या म्हणून सगळ्यांचे घसे बसलेले. आरत्यांचं पुस्तक आणलं होतं. थोरली वैनी अस्खलित वाचायला लागली, बोट ओळीवर, मान डुलवत. भाचीच्या डोळ्यांत पाणी. मी पुस्तकाकडे बघितलं तर बोट तिसऱ्या ओळीवर, तोंड पाचव्या कडव्यात. पान उलटायचं राहिलं आणि आरती पुढे गेली.

तिला रागावण्यासारखं काही नाही. पाठ असलेलं हे भांडवल आहे, फक्त ते वाचन नव्हे. तेव्हा अहमदाबादच्या आयआयएममध्ये असलेले ब्रिज कोठारी यांनी टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत शब्द दाखवण्याची कल्पना मांडली ती याच जोरावर : गाणं ओठांवर असतं, पुढचा शब्द कानाला ठाऊक असतो, डोळा फक्त त्याला गाठतो. पण तिथे अक्षरं गाण्याच्या तालावर रंग बदलत जातात, म्हणून डोळा भरकटत नाही. पुस्तकात तसं नाही. म्हणून आम्ही ओळी पट्ट्यांवर लिहिल्या, पट्ट्या शब्दांवर कापल्या आणि गोंधळ करून टाकल्या. आता क्रमानं लाव. तिथे पाठांतर मदत करतं आणि फसवूही देत नाही. वैनीला पहिल्या कडव्याला चाळीस मिनिटं लागली. उठताना म्हणाली, आरती एवढी लांब आहे हे आज कळलं.

ऑक्टोबर

भाताची कापणी, मग दिवाळी. तीनच बैठकी. लिहिण्यासारखं काही नाही.

६ नोव्हेंबर

अपेक्षेप्रमाणे विसरले. पण पूर्ण नाही. माकड, माड, दहा, आपली यादी, हे पक्कं. ट-ठ-ढ सगळे गेले.

चित्राक्षरांचा उपाय करून बघितला. फिलिपिन्समध्ये साक्षरतेचं काम सुरू करणाऱ्या फ्रँक लाउबाख यांनी असे तक्ते केले, अक्षराच्या आकाराची वस्तू आणि त्या वस्तूच्या नावाचं पहिलं अक्षर. 'एकानं एकाला शिकवावं' हे घोषवाक्यही त्यांच्याच कामातून पसरलं. भाचीनं रात्र जागून चित्रं काढली. बरीचशी ओढूनताणून झाली, दोनचार बरी. आम्ही दाखवायला लागलो तर यांनी आपलीच सुरू केली. ट म्हणजे गरी, मासे पकडायची. बरोबर, तसाच बाक. शिरोरेघ म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी : आधी दोरी बांधायची, मग अक्षरं टांगायची. (शाळेत आम्ही उलट शिकवतो. यांची दोरी सरळ येते, पोरांची येत नाही.) आणि ळ? दुधाच्या काकीनं चष्मा काढून पाटीवर ठेवला. दोन वाटोळी, मध्ये दांडी.

"दोळे," ती म्हणाली. दो-ळे. अक्षरही शब्दातच.

भाचीचे तक्ते गुंडाळून ठेवले. तिला थोडं वाईट वाटलं.

२० नोव्हेंबर

ऱ्हस्व इकार. "हो कानो चुकून पयलीं आयला." किती समजावलं तरी 'मिरची' ही 'इमरची' होते. उच्चार नंतर, काढायची आधी, याला माझ्याकडे काही कारण नाही. चूक मान्य केली, लिपीच्या वतीनं.

४ डिसेंबर

उल्लासच्या चाचणीचा नमुना आणला. १५० गुण : वाचन, लेखन, गणित, प्रत्येकी पन्नास. जावा आणि वैनी बसणार म्हणतात. आजी नाही. गणिताचा भाग तिला तोंडी सांगितला तर सगळं बरोबर, माझ्या आधी. सव्वीस रुपये किलोची साडेतीन किलो वांगी ती कशी करते ते बघितलं : तीन पंचवीस पाऊणशे, वर तीन, निम्मे तेरा. एक्क्याण्णव. कागदावर मांडायला सांगितलं तर अडकली, कारण कागदावरची रीत उजवीकडून चालते आणि तिची मोठ्या आकड्याकडून. आता तिचीच रीत तिला लिहून दाखवते आहे. पंचाहत्तर, तीन, तेरा, एकाखाली एक. पुस्तकात नसली तरी बेरीज ती बेरीजच.

११ जानेवारी २०२६

पौष. धालोचे (बायकांच्या गाण्या-नाचाचे) दिवस, मांडावर रात्र रात्र. वर्ग दुपारी.

गेले काही आठवडे एकेकानं सांगायचं आणि मी शब्दशः लिहून घ्यायचं, मग तेच सगळ्यांनी वाचायचं, असं चाललंय. शिकणाऱ्याच्याच बोलण्याचा पाठ करायचा ही रीत जगभर वापरतात, बऱ्याच ठिकाणी. तिचा फायदा आज दिसला. आजीचा पाठ, जसा तिनं सांगितला तसा (गवोरेडो म्हणजे गवा, मिरसांग म्हणजे मिरची) :

गवोरेडो पोरसांत आयलो. मिरसांग मोडली. हांवें डबो वाजयलो. तो गेलो ना. हांवूच गेली.

काकांनी हा वाचला, एकट्यानं, न थांबता जवळजवळ. शेवटच्या ओळीला हसू आलं आणि ते शब्द संपायच्या आधी आलं. मी हेच बघत होते. हसू शब्दानंतर येतं तेव्हा माणूस अक्षरं लावत असतो. आधी येतं तेव्हा तो वाचत असतो.

ऑगस्टमध्ये यांना पाच शब्दांच्या ओळीला जवळजवळ मिनिट लागायचं. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. अर्थ कळत नाही म्हणजे डोकं कमी, असं शाळेत आम्ही किती पोरांबद्दल म्हटलं असेल! वेग नसला की अर्थ मुठीतल्या पाण्यासारखा गळतो, एवढंच ते होतं. म्हणून तोच पाठ पाचपाच वेळा वाचायचा. कंटाळा येत नाही, कारण गोष्ट आजीची आहे आणि आजी समोर बसलेली आहे.

१७ फेब्रुवारी

काजू सुरू. पडवीत मी आणि कंदील. दाराच्या कडीला चिठ्ठी खोचलेली, लग्नपत्रिकेच्या पाठीवर :

आज येना काजू पडल्यात

पूर्णविराम नाही, कोण येणार नाही तेही नाही. वळणावरून धाकटी जाऊ. 'पडल्यात'मधला 'ल्या' नीट जोडलेला आहे. खाली मी तारीख टाकली आणि हजेरीच्या वहीत चिकटवली.

मेपर्यंत हे असंच राहणार. आठवड्यातून एकदा, भट्टीजवळ, जमेल तेवढे.

२४ फेब्रुवारी

काका घरी आले, हातात एक-चौदाचा उतारा. पोथी, यादी, आजीचा गवोरेडो, सगळं वाचून झालं. आता त्यांना आपल्या वडलांचं नाव जमिनीच्या कागदावर बघायचं आहे. आणि त्यांच्याकडच्या उताऱ्यावर ते रोमन लिपीत. पाठोपाठ वैनी : तिच्या बसची पाटीही रोमन. इतकं शिकून बसवर चढताना विचारावं लागतंच, मग काय उपयोग, असं ती म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "बाई, ती अक्षरां कितलीं?"

"सव्वीस."

"इतलींच?"

मला हे आधी सुचायला हवं होतं. देवनागरी यांना हवी होती ती पोथीसाठी, पेपरासाठी, आणि ती मिळाली. पण इथल्या रस्त्यावर निम्मं वाचन दुसऱ्या लिपीत आहे. पुन्हा ए फॉर अ‍ॅपल करणार नाही. पाट्यांवरूनच सुरू करू : वाळपई, सांखळी, डिचोली, म्हापसा, पणजी. नावं तोंडात आहेत, जागा डोळ्यांसमोर आहेत.

उद्या भाचीला घेऊन बसस्टँडवर पाट्यांचे फोटो काढायचे आहेत. काकांचा नंबर वाढलाय, तेही बरोबर येतात.